पुढें आखूड, मागें लांब

राजांच्या वंशावळी, लढायांच्या तिथी आणि तहांचीं कलमें यांनीं इतिहासाचीं पानें इतकीं भरून गेलेलीं असतात कीं, माणसाच्या डोक्यावरील केसांना त्यांत जागा मिळणें कठीणच. केस हा विषय न्हाव्याच्या धोकटीचा किंवा माजघरांतील आरशाचा, अशी आपली समजूत असते. परंतु जुनीं साधनें जरा बारकाईनें चाळलीं म्हणजे निराळेंच आढळून येतें. राज्यकर्त्यांनीं प्रजेकडून कर मागितला, सैनिक मागितले, निष्ठेच्या शपथा मागितल्या, आणि कित्येकदां केसहि मागितले. प्रजेनेंहि कधीं मुकाट्यानें मान पुढें केली, तर कधीं मान देऊं केली पण केस दिले नाहींत.

सर्व केशरचनांचा इतिहास सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. त्यासाठीं एकच वळण निवडलें आहे: कपाळावर व कानांवर केस आखूड, आणि मागें मानेवर लांब. जर्मन लोक या वळणास 'फोकुहिला' म्हणतात. 'पुढें आखूड, मागें लांब' या अर्थाच्या चार जर्मन शब्दांचीं आद्याक्षरें जोडून हा शब्द बनला आहे. इंग्रजींत त्याला 'मलेट' म्हणतात. मलेट म्हणजे कोकणांत आपण ज्याला बोय म्हणतों तो मासा. माशाचें नांव केसांना कसें चिकटलें हें पुढें येईलच. वळण जुनें आहे आणि नांव अगदीं अलीकडचें आहे, एवढें येथें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

हें वळण घरच्या घरीं साधण्यासारखें आहे. केस किंचित् ओले करावे, आणि एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत फणीनें आडवा भांग पाडावा. भांगाच्या मागचे केस बांधून बाजूस ठेवावे. पुढचे केस दोन बोटांत धरून थोडे थोडे कापावे. कानांवरचे त्याहूनहि आखूड करावे. ओले केस लांब दिसतात आणि सुकल्यावर आखडतात, म्हणून मनांत असेल त्यापेक्षां अर्धें बोट अधिकच ठेवावें. कुरळ्या केसांस तर एक बोटहि थोडें होतें. नंतर मागचे केस मोकळे सोडून त्यांचीं टोकें तेवढीं सारखीं करावीं. खरें कौशल्य लागतें तें टाळूवर. तेथें आखुडाचा लांबांशीं सांधा जुळवावयाचा असतो. कात्री आडवी न धरतां उभी धरून, पायरी-पायरीनें लांबी वाढवीत नेली तरच हा सांधा लपतो. नाहीं तर दोन निरनिराळ्या माणसांचीं डोकीं एकत्र शिवल्यासारखें दिसतें. शेवटीं केस बोटांनींच विंचरून सुकूं द्यावे. पुढचे थोडे उभे राहतात आणि मागचे आपल्या भारानें मानेवर उतरतात. या वळणांत सोयहि आहे. काम करतांना केस डोळ्यांवर येत नाहींत, आणि मान मात्र ऊन, वारा व थंडी यांपासून झांकलेली राहते. घरांतील आरसा, साधी कात्री आणि मागें उभें राहण्यास एक विश्वासाचें माणूस, एवढी सामग्री त्याला पुरते. या विश्वासाच्या माणसाचा विचार लेखाच्या अखेरीस पुन्हां करावयाचा आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. या वळणाचें सर्वांत नांवाजलेलें जुनें वर्णन इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील आहे. त्या वेळीं पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथें होती आणि जस्टिनियन हा बादशहा गादीवर होता. नगरींतील रथांच्या शर्यतींभोवतीं लोकांचे दोन मोठे पक्ष बनले होते, एक निळ्यांचा व दुसरा हिरव्यांचा. नांवाला हे शर्यतीचे पक्ष. पण धर्ममतें, राजकारण आणि गल्लीबोळांतील वैरें हीं सर्व त्यांत मिसळून गेलेलीं होतीं. या काळाचा इतिहास लिहिणारा प्रोकोपिअस हा सेनापति बेलिसॅरिअस याच्या पदरीं होता. बादशहाच्या युद्धांवर त्यानें लिहिलेले ग्रंथ उघडपणें वाचले जात. परंतु त्याच लेखणीनें त्यानें एक गुप्त इतिहासहि लिहून ठेवला होता. तो पुढें व्हॅटिकनच्या ग्रंथसंग्रहांत सांपडला आणि १६२३ सालीं प्रथम छापला गेला.

या गुप्त इतिहासांत निळ्या पक्षाच्या तरुणांचें वर्णन आहे. ते दाढीमिशांना हात लावीत नसत आणि इराणी लोकांप्रमाणें त्या भरपूर वाढूं देत. डोक्याचे केस पुढून कानशिलांपर्यंत कापून टाकीत आणि मागचे मात्र लांब लोंबत ठेवीत. मॅसाजेटी नांवाच्या रानटी लोकांची ही तऱ्हा, म्हणून लोक या वळणास 'हूणांचें वळण' म्हणत. अंगरख्याच्या बाह्या मनगटाशीं घट्ट आणि वर खांद्यापर्यंत फुगीर असत, म्हणजे शर्यतींत हात उंचावून आरोळ्या ठोकतांना दंड मोठे दिसावे! रात्रीं हेच तरुण हत्यारें बाळगून रस्त्यांत लोकांना लुटीत, आणि निळ्यांवर बादशहाची मर्जी असल्यामुळें न्यायाधीशहि त्यांच्यापुढें कचरत, अशी प्रोकोपिअसची तक्रार आहे.

प्रोकोपिअसला बादशहाविषयीं तीव्र द्वेष होता, तेव्हां त्याचा प्रत्येक शब्द तोलूनच घेतला पाहिजे. तरी पण केसांच्या बाबतींत त्यानें खोटें लिहिण्याचें कारण दिसत नाहीं. हूण हे साम्राज्याचे शत्रु. त्यांच्या नुसत्या नांवानें सरहद्दीवरचीं गांवें ओस पडत. अशा शत्रूचें वळण राजधानींतल्या तरुणांनीं हौसेनें आपल्या डोक्यावर घ्यावें, यांत 'तुमच्या सभ्यतेची आम्हांला पर्वा नाहीं' हें सांगण्याचा हेतु उघड आहे. येथें कात्री त्यांच्या स्वतःच्या हातांत होती. परंतु ज्याला ते स्वातंत्र्य समजत होते, तें बरेंचसें राजाच्या मर्जीवर पोसलेलें होतें. ५३२ सालीं निळे व हिरवे एक होऊन बादशहावर उलटले, तेव्हां ती मर्जी सरली. 'निका' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या या बंडांत शर्यतीच्या रिंगणांतच फौजेनें लोकांची कत्तल केली. मेलेल्यांचा आंकडा प्रोकोपिअस ३०,००० हून अधिक देतो. मरणानें तेथें निळा-हिरवा भेद पाहिला नाहीं आणि केसांचें वळणहि विचारलें नाहीं.

यानंतर अकराशें वर्षांनीं चीन देशांत आखूड-लांब केसांचा याहून भयंकर प्रसंग घडला. मांचू लोक कपाळापासून टाळूपर्यंतचे केस वस्तऱ्यानें काढीत आणि मागचे वाढवून त्यांची वेणी घालीत. हें मलेट नव्हे हें उघड आहे; पण पुढें नाहींसें करून मागें वाढविण्याचें तत्त्व तेंच, आणि तें टोंकास नेलेलें. चिनी पुरुष मात्र सर्व केस वाढवून त्यांचा बुचडा बांधीत. शरीर, केस आणि त्वचा हें मातापित्यांचें देणें आहे, त्यास इजा करूं नये, ही कन्फ्यूशिअसच्या परंपरेंतील पितृभक्तीची पहिलीच शिकवण. १६४४ सालीं मांचूंनीं पेकिंग घेतलें, तेव्हां वेणीचा हुकूम सोडला आणि विरोध दिसतांच तो मागेंहि घेतला. पुढील वर्षीं नानकिंग पडल्यावर मात्र राजप्रतिनिधि दोर्गोन यानें तो पुन्हां काढला आणि पाळण्यास दहा दिवसांची मुदत दिली. 'केस ठेवाल तर डोकें जाईल, डोकें ठेवाल तर केस जातील,' असा त्या हुकमाचा अर्थ लोकांत सांगितला जाऊं लागला. बौद्ध भिक्षु, ताओपंथी पुजारी आणि स्त्रिया यांना तेवढी सूट होती.

ज्या गांवांनीं राज्य बदललेलें मुकाट्यानें सोसलें, तीं गांवें केसांचा हुकूम ऐकतांच उठलीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. यांगत्सी नदीच्या मुखाकडील जियांगयिन या शहरानें सुमारें ८० दिवस वेढा सोसला, आणि शहर पडल्यावर तेथें भयंकर संहार झाला. सारा कोणाला द्यावयाचा हा प्रश्न शेतकऱ्याला दूरचा वाटला असेल. पण उद्यां सकाळीं आपल्या डोक्यावर वस्तरा फिरणार हा प्रश्न घरांतला होता. शरीरावर दिसणारी, रोज वाढणारी आणि म्हणून दर आठ-दहा दिवसांनीं नव्यानें द्यावी लागणारी शरणागतीची खूण, हें मांचूंच्या वेणीचें खरें स्वरूप. एकदां घेतलेली शपथ मनांतल्या मनांत मोडतां येते; केसांचें तसें नाहीं. म्हणूनच १८५० नंतर ताइपिंग बंडवाल्यांनीं मांचूंविरुद्ध शस्त्र उचललें, तेव्हां आधीं वेण्या कापल्या आणि कपाळावरचे केस वाढूं दिले. सरकारी लोक त्यांना 'लांबकेसे' म्हणूनच ओळखूं लागले.

परंतु सवयीचा महिमा असा कीं, जी वेणी तलवारीच्या धारेवर लादली गेली, तीच दोनशें वर्षांत चिनी पुरुषाच्या अब्रूची वस्तु झाली. याचें प्रत्यंतर समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आलें. सॅन फ्रान्सिस्को शहरांत चिनी मजूर बरेच होते आणि गोऱ्या रहिवाशांना ते नकोसे झाले होते. राहत्या खोलींत दर माणशीं ५०० घनफूट हवा असलीच पाहिजे असा एक नियम तेथें करण्यांत आला, आणि दाटीवाटीनें राहणाऱ्या चिनी लोकांची त्याखालीं धरपकड सुरू झाली. दंड भरण्याऐवजीं ते तुरुंगांतच जाऊं लागले, तेव्हां तुरुंग भरून गेले. यावर उपाय म्हणून १८७६ सालीं दुसरा नियम निघाला: तुरुंगांत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचे केस एक इंच ठेवून बाकीचे कापावे. नियमांत चिनी हा शब्द कोठेंहि नव्हता. पण वेणी कोणाला असते हें सर्वांना ठाऊक होतें.

हो आह काउ नांवाच्या एका चिनी मजुराची वेणी याप्रमाणें तुरुंगांत कापली गेली. त्यानें शेरीफावर फिर्याद केली. १८७९ सालीं न्यायमूर्ति स्टीफन फील्ड यांनीं निकाल दिला कीं, हा नियम आरोग्यासाठीं नाहीं आणि शिस्तीसाठींहि नाहीं. आरोग्यासाठीं असता तर तो स्त्री-कैद्यांनाहि लागू केला असता. शब्द सर्वांसाठीं असले तरी घाव एकाच जातीच्या लोकांवर पडतो, म्हणून अमेरिकेच्या राज्यघटनेंतील समान संरक्षणाच्या तत्त्वास तो बाधक आहे. एका गरीब परदेशी मजुराच्या केसांवरून निघालेला हा निकाल कायद्याच्या अभ्यासकांना आजहि महत्त्वाचा वाटतो.

येथें वाचकांच्या मनांत शंका येईल. १६४५ सालीं वेणी ही गुलामगिरी असेल, तर १८७९ सालीं तीच वेणी कापणें हा जुलूम कसा? वेणी तीच, डोकें त्याच लोकांचें. मग न्याय बदलला कोठें? उत्तर केसांत शोधून मिळणार नाहीं. तें वस्तरा धरणाऱ्या हातांत शोधावें लागतें. एका वेळीं मांचू शिपायाच्या हातीं वस्तरा होता आणि दुसऱ्या वेळीं शेरीफाच्या हातीं कात्री होती. दोन्हीं वेळां डोक्याच्या मालकाला कोणी विचारलें नव्हतें. पुढें १९११ च्या क्रांतीनंतर लोकसत्ताक राज्य आलें, तेव्हां अनेक तरुणांनीं आनंदानें वेण्या कापल्या. पण पुष्कळ ठिकाणीं शिपायांनीं रस्त्यांत वाटसरूंना धरून त्यांच्या वेण्या छाटल्या. लू शुन यानें विद्यार्थिदशेंत जपानमध्यें असतांना स्वतः आपली वेणी कापली होती. त्यानेंच पुढें आपल्या कथांत, वेणी गेली म्हणून भ्यालेल्या आणि वेणी राहिली म्हणून भ्यालेल्या साध्या खेडुतांचीं चित्रें काढलीं. कोणती खूण केव्हां प्राणावर बेतेल हें ज्यांना कधींच कळलें नाहीं, त्यांची ती व्यथा आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें वळण अगदीं निराळ्या वाटेनें पुन्हां जगापुढें आलें. १९७२ सालच्या आरंभीं लंडनजवळच्या बेकेनहॅम येथें डेव्हिड बोवी या तरुण गायकाच्या घरीं सूझी फसी नांवाची एक केशकर्तनकार मुलगी गेली, आणि तेथेंच तिनें त्याचे केस कापले. पुढचे केस आखूड व उभे, मागचे मानेवर, आणि रंग भडक लाल. त्याच वर्षीं 'झिगी स्टारडस्ट' नांवाचें परग्रहावरून आल्यासारखें एक काल्पनिक पात्र त्यानें रंगभूमीवर उभें केलें. जुलै महिन्यांत दूरचित्रवाणीवर त्याला पाहिलेल्या कित्येक मुलांना हा पुरुष कीं स्त्री, हा आपल्यांतला कीं परका, असा प्रश्न पडला, आणि तो प्रश्न पडावा हाच त्या वेषाचा हेतु होता. पुढें आखूड म्हणजे पुरुषी, मागें लांब म्हणजे बायकी, ही जी रूढ समजूत होती, तिच्यांतले दोन्ही अर्धे एकाच डोक्यावर आणून ठेवल्यामुळें ती समजूतच लटकी पडली.

वर्षें लोटलीं तसें वळण गायकांकडून खेळाडूंकडे, खेळाडूंकडून सामान्य तरुणांकडे गेलें. आपल्याकडेहि १९९३ च्या 'खलनायक' चित्रपटांत संजय दत्त यांचे मानेवर रुळणारे केस पाहून आलेल्या तरुणांनीं न्हाव्यापुढें तेंच मागणें मांडलें. परंतु जें सर्वत्र होतें तें लौकरच हास्यास्पद होतें. १९९४ सालीं 'बीस्टी बॉइज' या अमेरिकन गायकमंडळीनें या केसांची टर उडविणारें एक गाणें काढलें आणि तेव्हांपासून 'मलेट' हें नांव रूढ झालें. बोय माशाचें डोकें असलेला, म्हणजे मठ्ठ, अशी शिवी अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकापासून होतीच. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' मध्यें ती येते. ज्या वळणानें रूढ सभ्यतेला आव्हान दिलें, तेंच आतां अडाणी, गांवढळ, कष्टकरी वर्गाची खूण म्हणून हिणवलें जाऊं लागलें. हंसणारे बहुधा शहरी आणि शिकलेले होते, ही गोष्टहि नोंदून ठेवण्यासारखी आहे.

लोकांच्या नजरेची ही सत्ता शेरीफाच्या सत्तेहून कमी कडक नसते. टेनिसपटु आंद्रे अगासी याचे मागें वाढलेले केस त्या काळीं जगप्रसिद्ध होते. २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत त्यानें उघड केलें कीं, टक्कल पडूं लागल्यामुळें ते केस खोटे होते. १९९० च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्रीं तो टोप तुटला, आणि तो कसाबसा टांचण्यांनीं सांवरून अगासी मैदानांत उतरला. सामना जिंकण्यापेक्षां टोप पडूं नये हीच त्याची देवाजवळ प्रार्थना होती. सामना तो हरला. बंडखोर म्हणून मिरविलेला केशकलाप स्वतःच धनी होऊन बसला, आणि त्याचा मालक त्याचा चाकर झाला.

सरकारांनींहि या वळणाकडे दुर्लक्ष केलें नाहीं. २०१० सालीं तेहरानमध्यें सांस्कृतिक खात्याच्या संमतीनें पुरुषांसाठीं योग्य केशरचनांचीं चित्रें प्रदर्शित करण्यांत आलीं. पाश्चात्त्य आणि म्हणून अयोग्य ठरलेल्या वळणांत मलेटहि होतें. याच्या उलट प्रकार ऑस्ट्रेलियांत घडला. कुरी कुरी हें न्यू साउथ वेल्समधील कोळसा आणि ॲल्युमिनिअम यांवर जगणारें गांव. तेथील ॲल्युमिनिअमचा कारखाना २०१२ सालीं बंद पडला. २०१८ पासून त्या गांवानें मलेट केसांची जत्राच भरविण्यास आरंभ केला, आणि लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत लोक तेथें आपापलीं डोकीं मिरविण्यास येऊं लागले. ज्या नांवानें हिणवलें जात होतें तेंच नांव त्यांनीं फलकावर लिहून वेशीवर लावलें. शिवी देणाऱ्याचा हात रिकामा करण्याची ही जुनी युक्ति आहे.

आतां त्या विश्वासाच्या माणसाकडे, म्हणजे आपल्या पाठीशीं कात्री घेऊन उभ्या असलेल्या व्यक्तीकडे वळूं. आणि हा विचार आपल्या घरापासूनच केलेला बरा. महाराष्ट्रांतहि पुढें काढून मागें ठेवण्याची रीत परकी नाहीं. घेरा आणि शेंडी ही तिचीच आपल्याकडची तऱ्हा. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या तरुणांनीं घेरा टाकून सबंध डोक्यावर केस राखण्यास सुरुवात केली, तेव्हां घरोघर वडील मंडळींचा केवढा रोष झाला हें जुन्या आत्मचरित्रांच्या वाचकांस सांगावयास नको. गांवगाड्यांत केस कापण्याचें काम न्हाव्याचें. तो बारा बलुतेदारांपैकीं एक. सुगीच्या वेळीं मिळणाऱ्या बलुत्यावर त्यानें वर्षभर गांवाची श्मश्रू करावी, असा करार. पण वस्तरा हातांत असला म्हणून तो कोणावर चालवावयाचा हें ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता; तो रूढीकडे होता.

या रूढीनें त्याच्याकडून दोन गोष्टी करविल्या. एक, नको असतांहि वस्तरा चालविणें. नवरा मेलेल्या उच्चवर्णीय मुलीचें केशवपन न्हाव्याच्याच हातून होई. ती दहा-बारा वर्षांची असली तरी सुटका नसे. या प्रथेविरुद्ध सुधारकांनीं पुष्कळ लिहिलें. परंतु १८९० सालीं मुंबईंत नाभिकांनीं स्वतः सभा भरवून 'विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा धरणार नाहीं' असें ठरविलें, ही गोष्ट मला शंभर लेखांहून मोठी वाटते. 'दीनबंधु'चे संपादक आणि गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा या कार्यांत पुढाकार होता. ज्या हातांना शतकानुशतकें केवळ हत्यार मानलें गेलें, त्या हातांनीं येथें 'नाहीं' म्हटलें.

दुसरी गोष्ट म्हणजे वस्तरा चालवावयाचा तेथें न चालविणें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आपल्या बालपणच्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, साताऱ्यास न्हाव्यांची उणीव नव्हती आणि त्यांना देण्यास घरांत पैसेहि होते. पण अस्पृश्याच्या केसांना हात लावण्यास एकहि न्हावी तयार नसे. त्यामुळें सर्व भावंडांचे केस त्यांची थोरली बहीणच कापी, आणि हात बसून बसून ती त्या कामांत तरबेज झाली होती. घरीं केस कापण्याच्या सर्व इतिहासांत याहून बोलकें चित्र मला ठाऊक नाहीं. बेकेनहॅमच्या घरांत कात्री चालली ती हौसेनें. साताऱ्याच्या घरांत चालली ती गांवानें दार लावलें म्हणून. एक घर जगाला चकित करण्याच्या तयारींत होतें. दुसरें घर मुलाला शाळेंत नीटनेटकें पाठविण्याच्या खटपटींत होतें. कात्रीचा आवाज मात्र दोन्हीं घरांत सारखाच झाला असेल.

याच आवाजाचा अनुभव २०२० सालीं सबंध देशास आला. २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली आणि महाराष्ट्रांत केशकर्तनालयांचीं दारें २८ जूनपर्यंत उघडलीं नाहींत. तीन महिने घरोघर बापानें मुलाचे, बायकोनें नवऱ्याचे, बहिणीनें भावाचे केस कापले. पुढचे केस स्वतःला दिसतात म्हणून कापतां येतात, मागचे दिसत नाहींत म्हणून राहून जातात. त्यामुळें कित्येकांच्या डोक्यावर मलेट आपोआपच उगवलें. परदेशांत तर त्या दिवसांपासून तें पुन्हां हौसेचेंहि झालें. आपल्या घरांत हा विनोदाचा विषय होता, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्याच तीन महिन्यांत रोजच्या कमाईवर जगणाऱ्या नाभिक कुटुंबांची चूल कशी पेटली असेल, याचा विचार त्या हंसण्याबरोबर झाला असता तर अधिक शोभलें असतें.

केस ही वस्तु मोठी चमत्कारिक आहे. ते कापले तर दुखत नाहींत, आणि तरीहि त्यांच्यासाठीं शहरें वेढ्यांत उपाशी राहिलीं. निर्जीव असून ते माणसाचा मान आणि अपमान जितक्या स्पष्टपणें दाखवितात, तितका सजीव अवयवहि दाखवीत नाहीं. कॉन्स्टँटिनोपलच्या तरुणाचे, जियांगयिनच्या नागरिकाचे, सॅन फ्रान्सिस्कोच्या मजुराचे आणि कुरी कुरीच्या कामगाराचे केस शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले, तर आकारावरून त्यांतला स्वतंत्र कोण आणि परतंत्र कोण हें सांगतां येणार नाहीं. तें सांगण्यास त्या डोक्याच्या मागें कोण उभें होतें, आणि त्या डोक्यानें त्याला बोलावलें होतें कीं नाहीं, एवढेंच पाहावें लागतें.

तेव्हां घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी पुढचे केस आखूड आणि मागचे लांब करून समोर आली, तर तें रूप आपल्या डोळ्यांना बरें दिसतें कीं नाहीं हें सांगण्यास आपण मोकळे आहों. अभिरुचि प्रत्येकाची स्वतंत्र असते. पण आवडीनिवडीचा हा वाद हुकमापर्यंत नेण्यापूर्वीं, डोक्यांवर काढलेल्या हुकमांचा इतिहास एकदां आठवावा. आणि त्यांतून कात्री धरण्याचा प्रसंग आपल्यावर आलाच, तर ओल्या केसांस अर्धें बोट अधिक सोडावें, आणि ज्याचें डोकें आहे त्याला विचारून मगच पहिली बट उचलावी.